साहेबाचे कट्टे आणि आकाशातली बिऱ्हाडे

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, रांगोळ्या आणि आरोग्याच्या चार गोष्टी येतात. त्या सोडून मी इतिहासात, आणि तोही आकाशाच्या इतिहासात का शिरले, असे भगिनींना वाटेल. कारण सरळ आहे. मला एक चूक दुरुस्त करायची आहे. ती चूक मी चाळीस बायकामुलांसमोर मोठ्या आवाजात केली असल्यामुळे तिची दुरुस्तीही चारचौघींत व्हावी, हे बरे.

मागच्या वर्षी मंडळाची सहल विजयदुर्गला गेली होती, ते सर्वांना आठवत असेल. किल्ल्यात फिरता फिरता आपण त्या कट्ट्यांपाशी आलो. गावात त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात, कोणी ओटे म्हणतात. आमचे मामा लहानपणी मला तिथे घेऊन गेले होते आणि त्यांनी जे सांगितले तेच मी तिथे उभी राहून मुलांना सांगितले: "लॉकियर नावाच्या साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी याच कट्ट्यावर दुर्बीण लावून सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम वायूचा शोध लावला." सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मलाही थोडी शेखी वाटली. तेवढ्यात आपल्यापैकीच एकीची नववीतली मुलगी पुढे आली नि म्हणाली, "काकी, ऑगस्टात? मगे त्या दिवशी हंय पाऊस नाय होतो?"

भगिनींनो, मी सातवी शिकलेली बाई. आमच्या वेळी गावात पुढची शाळा नव्हती. पण ऑगस्टात कोकणात आभाळ कसे असते, हे कळायला शाळा लागत नाही. पापड, कुरडया, सोले वाळवणाऱ्या बाईने हा प्रश्न स्वतःच विचारायला हवा होता. जन्मभर आभाळाकडे बघून वाळवण घातले, आणि कट्ट्यावर उभी राहून मात्र आभाळाचाच विचार केला नाही! "विचारून सांगते हां," म्हणून मी वेळ मारून नेली. नंतर वाचनालयातून पुस्तके आणली. आमचे भाऊजी शाळेत शास्त्र शिकवीत असत, त्यांच्याकडून इंग्रजी मजकूर समजून घेतला. जे हाती आले ते खाली देते.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण खरे आहे. त्याचा पट्टा आपल्या दक्षिण कोकणापासून पूर्वेला जमखिंडी, गुंटूर, मछलीपट्टण असा गेला होता. जमखिंडीस, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल वेध घ्यायला बसले होते. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचे ते नातू. ढगांनी त्यांना चांगलेच सतावले. मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन होते. गुंटूरला जान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ होते आणि त्यांना आकाश मोकळे मिळाले. सूर्य झाकला गेल्यावर त्याच्या कडेला ज्या तांबूस ज्वाळा दिसतात, त्यांचा प्रकाश त्यांनी लोलकातून पाहिला. त्यात स्वच्छ रंगीत रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी तशाच ज्वाळा पाहून दाखवल्या.

आणि लॉकियर? ते त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हतेच. ते आपल्या घरी, इंग्लंडात होते. त्यांनी तिथूनच, ग्रहणाविना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुखाकृती असलेले पदक काढले. भांडण न करता मान वाटून घेतल्याचे हे उदाहरण मला फार आवडले.

आता त्या रेषांत विशेष काय, ते स्वयंपाकघरातच कळते. मीठ घातलेली पेज उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. ती मिठातल्या सोडियमची खूण. प्रत्येक मूलद्रव्य तापले की आपल्या ठरावीक रंगाच्या रेषा दाखवते, जशी प्रत्येक घरची कालवणाची फोडणी वासावरून ओळखता येते. सूर्याच्या प्रकाशात जी पिवळी रेषा दिसली, ती सोडियमच्या रेषांच्या शेजारी होती, पण नेमकी त्यांच्या जागी नव्हती. पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाशी ती जुळेना. तेव्हा हे सूर्यावरचे नवे द्रव्य असावे असे लॉकियर यांनी म्हटले, आणि ग्रीक भाषेत सूर्याला हेलिऑस म्हणतात म्हणून त्याचे नाव हेलियम पडले. पुष्कळांना ते पटले नाही. हातात नसलेल्या वस्तूचे बारसे कसे करता, असा त्यांचा आक्षेप. २७ वर्षे असे चालले. शेवटी १८९५ साली लंडनमध्ये विल्यम रॅमसे यांनी युरेनियम असलेल्या एका खनिजातून वायू काढला आणि त्याच्या प्रकाशात तीच पिवळी रेषा निघाली.

मग आपले कट्टे खोटे का? मुळीच नाही. लॉकियरसाहेब विजयदुर्गला आले होते, हे पक्के. फक्त तीस वर्षांनी आले. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले आणि त्याचा पट्टा विजयदुर्गावरून आत शिरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, वऱ्हाडातील तळणी असा ईशान्येकडे गेला. जानेवारीत आपल्याकडे आभाळ कसे निरभ्र असते! त्यासाठी लॉकियर यांनी ही जागा निवडली. तेव्हा त्यांचे वय ६१ होते. बरोबर त्यांचा मुलगा आणि फाउलर नावाचे सहकारी होते. इंग्रजी आरमाराची मेल्पोमिनी ही युद्धनौका मदतीला खाडीत येऊन उभी राहिली. कप्तान चिझम-बॅटन यांच्या त्या नौकेवरचे खलाशी किल्ल्यात आले. ज्यांनी जन्मात कधी दुर्बीण रोखून वेध घेतला नव्हता, अशा त्या खलाशांकडून साहेबाने रोज तालीम करून घेतली. काहींनी सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाची चित्रे काढायची, काहींनी तारे टिपायचे, काहींनी उरलेली वेळ ओरडून सांगायची. ग्रहण पूर्ण लागले ते सुमारे दोन मिनिटे. दोन मिनिटांच्या कामासाठी इतक्या दुरून यायचे आणि शंभरावर माणसांची तयारी करायची, हे वाचून मला आपल्या घरातल्या लग्नाच्या मुहूर्ताची आठवण झाली.

१७५६ साली याच किल्ल्यावर इंग्रजांच्या आरमाराने तोफा डागून तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. त्याच इंग्रजांची नौका सूर्याची चित्रे काढण्यासाठी १८९८ मध्ये तिथे आली, हा योगायोगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

त्या ग्रहणाची आणखी एक गोष्ट बायकांच्या मंडळात सांगितलीच पाहिजे. तळणीला ऍनी माँडर नावाच्या बाई आपल्या पतीसह आल्या होत्या. त्या ग्रीनिचच्या वेधशाळेत आकडेमोडीचे काम करीत, लग्न झाल्यावर ती नोकरी त्यांना सोडावी लागली. पण तळणीला त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळातला इतका लांब किरण टिपला, की तोवर कोणी टिपला नव्हता. जेऊरला अमेरिकेहून आलेल्या कॅम्पबेल यांच्याबरोबरही त्यांची पत्नी होती. आणि आपल्याकडे? १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात माझी आई मला पोटात घेऊन दारेखिडक्या लावून बसली होती. विळी हातात धरायची नाही, कुशीवर वळायचे नाही, असे तिला सांगितलेले. तिने ते सर्व पाळले. मी धडधाकट जन्मले आणि श्रेय अर्थात आजीने घेतले. आईला मात्र ते ग्रहण बघायचे राहून गेले, हे ती अजून बोलून दाखवते.

हे सर्व मी त्या मुलीला नीट समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न टाकला: "हेलियम म्हणजे वाढदिवसाच्या फुग्यातली हवाच ना? तिचो एवढो बडेजाव कित्याक?" या पोरीसमोर सावध बोलावे लागते.

हेलियम हलका आहे, आणि तो कशाशीच मिसळत नाही, जळत नाही, पेट घेत नाही. अतिशय थंड केला तरी इतर वायूंसारखा लवकर गोठत नाही. अग्निबाणाच्या टाकीत उणे अडीचशे अंशांखालचा द्रव हायड्रोजन भरतात. टाकी रिकामी होत जाईल तसा आतला दाब टिकवायला आणि इंधन इंजिनाकडे रेटायला त्या थंडीत टिकणारा, इंधनाशी भांडण न काढणारा वायू लागतो. तो हेलियम. जमिनीतून तो नैसर्गिक वायूबरोबर निघतो. एकदा हवेत सुटला की हलकेपणामुळे वर वर जातो आणि हळूहळू पृथ्वीच्या हातूनही निसटतो, परत येत नाही. माणसाने प्रथम सूर्यावर ओळखलेले द्रव्य आज माणसाला आकाशात चढवण्याच्या कामी येते, हा त्या पिवळ्या रेषेचा पुढचा इतिहास.

त्याचाच एक धडा सुनीता विल्यम्स यांच्या प्रवासात आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचला. ५ जून २०२४ रोजी त्या आणि बुच विल्मोर हे दोघे स्टारलायनर नावाच्या नव्या यानातून निघाले. काम सुमारे आठ दिवसांचे. परंतु त्या यानात हेलियमची गळती निघाली आणि दिशा बदलणारी छोटी इंजिने नीट चालेनात. सप्टेंबरात ते यान रिकामे परत आणले आणि ही दोन माणसे वरच राहिली. १८ मार्च २०२५ रोजी, २८६ दिवसांनी, ती दुसऱ्या यानातून खाली उतरली. आठ दिवसांसाठी म्हणून गेलेली बाई नऊ महिने घराबाहेर! आमच्या घरी सासूबाई रोज विचारायच्या, "आयली काय ती?"

तेव्हापासून माझ्या मनात हा विचार घोळतो, की आकाशात जाणे वेगळे आणि आकाशात बिऱ्हाड करणे वेगळे. जाणे माणसाला जमले आहे. १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसे चंद्रावर चालून आली. आपले राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये जवळजवळ आठ दिवस अंतराळात राहून आले, आणि शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत आंतरराष्ट्रीय स्थानकावर जाऊन आले. आपल्या देशाने २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, असा संकल्प २०२३ मध्ये जाहीर केला आहे. पण राहणे? २ नोव्हेंबर २००० पासून त्या आंतरराष्ट्रीय स्थानकात माणूस नाही असा एक दिवस गेलेला नाही, हे खरे. तरी ते पाहुण्याचे घर आहे. शिधा, कपडे, सुटे भाग, सगळे चारशे किलोमीटर खालून, पृथ्वीवरून जाते. माणूस घाम गाळतो, श्वास सोडतो, लघवी करतो, ते सर्व पाणी गाळून पुन्हा प्यायचे. १०० भागांतले ९८ भाग पाणी परत मिळवण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे. एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहिलेल्या कोणत्याही बाईला या आकड्याची किंमत समजावून सांगायला नको.

याचा दाखला आपल्या मालवणच्या समोर उभा आहे, म्हणून मला तो दिल्यावाचून राहवत नाही. १६६४ साली शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. तीन वर्षांत तो उभा राहिला. खडक भक्कम, भोवताली बुडालेल्या खडकांची वाट अवघड, हे तर खरेच. पण चहूकडे खारे पाणी असताना बेटाच्या पोटात गोडे पाणी नसते, तर तिथे चौकी झाली असती, वस्ती झाली नसती. दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही विहिरींची नावेच सांगतात की त्या पाण्याचे लोकांना किती अप्रूप होते. आज सगळे देश चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे का धावतात, याचे उत्तरही तेच. चांद्रयान-१ ने २००८ मध्ये चंद्राकडे झेप घेतली आणि तिथे पाण्याचा अंश असल्याचे २००९ मध्ये जगाला कळले. ध्रुवाजवळच्या ज्या खड्ड्यांत कधीच ऊन पोचत नाही, तिथे बर्फ असावे असे मानतात. चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले ते त्याच बाजूला. पाणी मिळाले तर प्यायला झाले, त्यातून श्वासाला प्राणवायू काढता येईल, आणि इंधनाला हायड्रोजन. थोडक्यात, चंद्रावरही आधी बाव शोधायची आणि मग भिंत घालायची.

पण आपला किल्ला याहून पुढचीही गोष्ट सांगतो, आणि ती मला पुस्तकात कुठे सापडली नाही. पाणी आहे, तटबंदी आहे, देऊळ आहे, तरीही किल्ल्यातली बहुतेक घरे उठून किनाऱ्यावर आली. आज तिथे थोडीच कुटुंबे आहेत. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की त्यांना आधी भरून ठेवलेल्या धान्यावर दिवस काढावे लागतात. रोजगार, दवाखाना, बाजार, मुलींची स्थळे सगळी अलीकडे. समोर किनारा दिसतो, हाकेच्या अंतरावर, तरी ही तऱ्हा. मग मंगळाचे काय बोलावे? तिथे जायला सहा ते नऊ महिने. निघण्याचा योग सुमारे २६ महिन्यांनी एकदा. इथून "कशी आहेस?" विचारले तर शब्द पोचायला तीन ते बावीस मिनिटे, आणि उत्तर यायला तितकीच. कोणाला अपेंडिक्सचे दुखणे उठले तर होडी बोलावता येणार नाही.

शरीराची गोष्ट तर याहून अवघड. वजन जाणवेनासे झाले की हाडे झिजतात, महिन्याला सुमारे एक टक्का. म्हणून स्थानकावर दररोज दोन तास व्यायाम सक्तीचा. आपल्यातल्या ज्या भगिनी कॅल्शियमच्या गोळ्या घेतात, त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. पृथ्वीचे वातावरण आणि तिचे चुंबकीय कवच सोडून बाहेर गेले की किरणांचा मारा वेगळाच. एका दमात सर्वांत जास्त राहिलेला माणूस म्हणजे रशियाचे पोल्याकोव, १९९४-९५ मध्ये ४३७ दिवस. मंगळाची जाऊन-येऊन फेरी याहून मोठी होईल.

आणि या सगळ्या चर्चेत एक शब्द मी शोधत होते, तो फार क्वचित आढळला. बाळंतपण! आजवर अंतराळात एकही मूल जन्मलेले नाही. चंद्रावर वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतके, मंगळावर तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक. तेवढ्या वजनात गर्भाची हाडे कशी वाढतील, आईची काय अवस्था होईल, मूल पुढे पृथ्वीवर आले तर त्याला उभे राहता येईल का, यांपैकी कशाचेच उत्तर आज कोणाजवळ नाही. मोठमोठे लोक मंगळावर नगर वसवण्याचे आराखडे काढतात, त्यात घरे आहेत, काचेखालची शेते आहेत, पण सुईण कुठे दिसली नाही. जिथे पाळणा हलला नाही त्या जागेला माझ्या मते तळ म्हणावे. वस्ती हा शब्द राखून ठेवावा.

म्हणून हे सर्व व्यर्थ, असे मात्र मला म्हणायचे नाही. हातात नसलेल्या द्रव्याचे बारसे केले म्हणून त्या काळीही लोकांना ते पटले नव्हतेच. मला तर शुभांशू शुक्लांची एक बातमी वाचून फार बरे वाटले. त्यांनी स्थानकावर मूग आणि मेथी रुजत घातली होती. बरोबर आमरस, गाजराचा हलवा आणि मुगाच्या डाळीचा हलवा नेला होता, तो सोबत्यांनाही वाटला. परक्या जागी गेल्यावर पहिल्यांदा शेजाऱ्यांना वाटीभर काही द्यायचे आणि डब्यात चार दाणे रुजत घालायचे, ही रीत आपली ओळखीची. मेथीला कोंब आले, असेही वाचले. आमरस आपल्या देवगडचा होता की नाही ते मात्र बातमीत नव्हते. असता तर छापले असते.

आता राहिले कामाचे. अलीकडे विजयदुर्गला १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. यंदा आपण त्याऐवजी २२ जानेवारीला जावे, असे मी कार्यकारिणीत सुचवले आहे. ती आपल्या कट्ट्यांची खरी तारीख, आणि पावसाची भीती नाही. या खेपेस माहिती मी सांगणार नाही. ती नववीतली, आता दहावीत गेलेली मुलगी सांगेल. तिने तारखा वहीत उतरून घेतल्या आहेत. बस सकाळी सहाला बाजारातून सुटेल. चहा मंडळातर्फे, दुपारचा डबा ज्याचा त्याने आणावा. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपली नावे चिटणीसबाईंकडे नोंदवावीत, आणि माझ्या आईलाही एक जागा राखून ठेवावी.